कॅनडात ऊर्जा वाचवणारे घर घेतल्यावर मॉर्गेज विम्याच्या प्रीमियमचा परतावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेने कर्जात मॉर्गेज विम्याची रक्कम मिळवली आहे. मी गेलो तर कर्ज फेडणारा विमा तो हाच ना?

नाही. बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. भारतात गृहकर्जाबरोबर बँका जी पॉलिसी पुढे करतात ती आयुर्विम्याची असते. कर्जदाराचे काही बरेवाईट झाले तर तिच्यातून कर्ज फिटते. तसा विमा कॅनडातही मिळतो, पण तो ऐच्छिक असतो आणि त्याचे पैसे वेगळे जातात. या पानावर ज्याबद्दल लिहिले आहे तो विमा कर्ज देणाऱ्याला सांभाळतो. तुम्ही कर्ज थकवले आणि घर विकूनही वसुली पुरी झाली नाही, तर उरलेली तूट विमा कंपनी लेंडरला भरून देते. प्रीमियम मात्र तुमच्या खिशातून जातो.

डाउन पेमेंट घराच्या किमतीच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर केंद्र सरकारच्या नियमांखाली चालणाऱ्या बँकेला हा विमा घ्यावाच लागतो. तो देणाऱ्या कंपन्या तीन: १९५४ पासून हे काम करणारी सरकारी कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमएचसी, सेजन, जिचे नाव २०२० पर्यंत जेनवर्थ कॅनडा होते, आणि कॅनडा गॅरंटी. ऊर्जा वाचवणाऱ्या घरासाठी प्रीमियमचा काही भाग परत देण्याची सोय तिघींकडे आहे. सीएमएचसीच्या योजनेचे नाव इको प्लस.

प्रीमियम किती असतो आणि त्यातले परत किती मिळतात?

कर्ज घराच्या किमतीच्या किती टक्के आहे त्यावर प्रीमियम ठरतो. कर्ज ८० ते ८५ टक्के असेल तर कर्जाच्या रकमेवर २.८० टक्के, ८५ ते ९० असेल तर ३.१० टक्के, ९० ते ९५ असेल तर ४ टक्के. पहिले घर घेणाऱ्याने किंवा नवे घर घेणाऱ्याने २५ ऐवजी ३० वर्षांची मुदत घेतली तर ०.२० टक्के आणखी. परतावा या प्रीमियमच्या २५ टक्के असतो. कर्जाच्या २५ टक्के नव्हे, घराच्या किमतीच्या तर नव्हेच.

ब्रॅम्प्टनमध्ये ६,००,००० डॉलरचे घर घेतले असे धरा. पहिल्या ५,००,००० वर किमान ५ टक्के, म्हणजे २५,०००, आणि वरच्या एक लाखावर १० टक्के, म्हणजे १०,०००. असे कमीत कमी ३५,००० डॉलर डाउन पेमेंट लागते. कर्ज उरते ५,६५,०००. ते किमतीच्या ९४ टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणून प्रीमियम ४ टक्के: २२,६०० डॉलर. त्याचे २५ टक्के म्हणजे ५,६५० डॉलर. हा तुमचा परतावा.

याच घरावर १० टक्के डाउन पेमेंट दिले तर प्रीमियम १६,७४० आणि परतावा ४,१८५ डॉलर. १५ टक्के दिले तर १४,२८० आणि ३,५७०.

१५ डिसेंबर २०२४ पासून १५ लाख डॉलरपेक्षा कमी किमतीच्या घरांना हा विमा मिळतो. त्याआधी मर्यादा १० लाखांची होती. टोरांटो आणि व्हँकुव्हरच्या आसपासची पुष्कळ नवी रो हाउस त्यामुळे आत्ता कुठे या परताव्याच्या कक्षेत आली आहेत.

काही ठिकाणी १० टक्के लिहिले आहे, काही ठिकाणी १५. खरे काय?

तिन्ही आकडे आपापल्या काळात खरे होते. सीएमएचसी जून २०१६ पर्यंत सरसकट १० टक्के देत असे. त्यानंतर घराच्या कामगिरीनुसार १५ किंवा २५ टक्के अशा दोन पायऱ्या आल्या. आता २५ टक्के आहे. जुने लेख आणि ब्रोकरांच्या जुन्या पुस्तिका अजून फिरत असतात, म्हणून अर्ज भरताना विमा कंपनीच्या चालू अर्जावर छापलेली अट तेवढी ग्राह्य धरा.

घराला सर्टिफिकेट आहे. म्हणजे पैसे आपोआप येतील ना?

येणार नाहीत. सर्वांत जास्त लोक इथेच पैसे गमावतात, आणि ते फार वाईट वाटते, कारण पात्र घर हातात असते. तुमच्या घराला कोणते सर्टिफिकेट आहे हे विमा कंपनीला ठाऊक नसते. बँकेला त्यात काही मिळत नाही, त्यामुळे ती आठवण करून देत नाही. वकिलाचे काम क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होऊन कर्जाची रक्कम सुटते त्या दिवशी, संपते. बिल्डरचा सेल्समन घर विकताना ऊर्जा बचतीबद्दल भरभरून बोलतो, पण परताव्याचा अर्ज त्याच्या कामाच्या यादीत नसतो. मागायचे तुम्हीच, आणि तेही मुदतीत.

मुदत किती?

सीएमएचसीकडे मॉर्गेजच्या क्लोजिंगच्या तारखेपासून २४ महिने. नव्या कॉन्डोच्या बाबतीत ही तारीख नीट समजून घ्या. ओंटारियोत इमारत नोंदणीकृत होण्याआधी लोक राहायला जातात आणि काही महिने बिल्डरला ऑक्युपन्सी फी भरतात. त्या काळात मॉर्गेज सुरू झालेले नसते. घर प्रत्यक्ष तुमच्या नावावर होते आणि कर्जाची रक्कम सुटते, ती फायनल क्लोजिंगची तारीख मोजायची. वकिलाने दिलेल्या स्टेटमेंट ऑफ अ‍ॅडजस्टमेंट्सवर, म्हणजे व्यवहाराच्या अंतिम हिशोबावर, ती असते.

मोठ्या इमारतींना लीड हे पर्यावरणपूरक इमारतींचे सर्टिफिकेट मिळायला लोक राहायला आल्यावरही बराच काळ जातो. कधी वर्ष उलटते. म्हणून क्लोजिंगनंतर साधारण सहा महिन्यांनी बिल्डरला किंवा कॉन्डो कॉर्पोरेशनला सर्टिफिकेटची स्थिती लेखी विचारा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाठपुरावा करत राहा. २३ व्या महिन्यात पहिला ईमेल पाठवून काही हाती लागत नाही.

माझा विमा तिघींपैकी कोणाकडे आहे हे कसे कळेल?

बँकेच्या मॉर्गेज कमिटमेंट पत्रावर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, विमा कंपनीचे नाव आणि बहुधा क्रमांकही असतो. सापडला नाही तर ब्रोकरला किंवा बँकेला दोन ओळींचे ईमेल करा: "कृपया माझ्या मॉर्गेजचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे आणि त्याचा खाते क्रमांक काय आहे ते कळवा." दोन ओळींचे लेखी उत्तर मिळाले तरी पुरे, अर्जात हाच क्रमांक लागतो.

विमा कंपनी लेंडर निवडतो, पण कर्ज मंजूर होण्याआधी ब्रोकरला अमुक कंपनीकडे पाठवा असे सांगता येते. मूळ प्रीमियमचे दर तिघींचे सारखेच आहेत. फरक असतो तो कोणती सर्टिफिकेटे चालतात आणि कोणते कागद मागितले जातात यात. तुमच्या घराचे सर्टिफिकेट थोडे वेगळे असेल, म्हणजे एखाद्या प्रांतापुरते किंवा एखाद्या बिल्डर संघटनेचे, तर ते ज्या कंपनीच्या यादीत आहे तिच्याकडेच अर्ज जाईल असे आधीच बघा. नंतर कंपनी बदलता येत नाही.

कोणती घरे पात्र ठरतात?

दोन वाटा आहेत. पहिली, घराला एखाद्या मान्य कार्यक्रमाचे सर्टिफिकेट असणे: नव्या घरांसाठीचे एनर्जी स्टार, आर-२०००, नेट झिरो, लीड, पॅसिव्ह हाउस, बिल्ट ग्रीन, क्वेबेकमधले नोव्होक्लिमा, अशी ही यादी आहे. दुसरी, नॅचरल रिसोर्सेस कॅनडा या केंद्रीय खात्याच्या एनरगाइड पद्धतीने घराचे मूल्यांकन करून ते ठरलेल्या पातळीपेक्षा चांगले असल्याचे दाखवणे.

या नावांमागे काटेकोर मोजमापे आहेत. नव्या घरांचे एनर्जी स्टार साधारणपणे इमारत नियमांपेक्षा २० टक्के कमी ऊर्जा मागते. आर-२००० हा १९८० च्या दशकापासून चालत आलेला कॅनडाचा स्वतःचा कार्यक्रम. त्यात ५० पास्कल दाबाला घरातली हवा तासाला १.५ वेळांपेक्षा जास्त बदलली जाता कामा नये. पॅसिव्ह हाउसमध्ये हाच आकडा ०.६ आहे. नेट झिरो घर वर्षभरात जितकी ऊर्जा वापरते तितकी स्वतः तयार करते.

सर्टिफिकेट घराचे असते, मालकाचे नव्हे. चार वर्षांपूर्वी बांधलेले एनर्जी स्टार घर तुम्ही दुसरे मालक म्हणून घेतले आणि तुमचे स्वतःचे विमा उतरवलेले कर्ज असेल, तरी अर्ज करून पाहावाच. आधीच्या मालकाकडून मूळ कागद घ्या. त्याच्याकडे नसेल तर ज्या संस्थेने सर्टिफिकेट दिले तिच्याकडे पत्त्यावरून शोध घेता येतो.

बिल्डर म्हणतो घर एनर्जी स्टारच आहे. एवढे पुरेसे आहे?

त्याला एकच विचारा: "एनर्जी स्टार घर की घरात एनर्जी स्टार उपकरणे?" फ्रिज, डिशवॉशर आणि खिडक्यांवर निळे स्टिकर असले म्हणून घर प्रमाणित होत नाही. फर्नेसवर एनरगाइड लिहिलेले असते ते त्या यंत्राचे मानांकन. घराचे एनरगाइड लेबल वेगळे, आणि ते बहुधा बेसमेंटमध्ये विजेच्या पॅनलवर चिकटवलेले असते. "लीडच्या धर्तीवर बांधलेले", "लीडसाठी नोंदणी केलेले", "नेट झिरो रेडी" हे शब्दही नीट वाचा. नोंदणी म्हणजे फक्त अर्ज केला आहे. नेट झिरो रेडी म्हणजे सौर पॅनल अजून बसवायचे आहेत; त्यालाही स्वतःचे लेबल असू शकते, पण ते हातात आले की मोजायचे.

नवे घर बुक करताना करारात एक ओळ घालून घ्या: बिल्डर अमुक सर्टिफिकेट क्लोजिंगपूर्वी किंवा क्लोजिंगनंतर ठरलेल्या दिवसांत खरेदीदाराला देईल. वकिलाला ती लिहायला पाच मिनिटे लागतात. ही ओळ नसलेल्या करारांत लोक पुढे वर्षभर बिल्डरच्या ऑफिसला फोन करत बसतात.

एनरगाइड लेबल वाचायचे कसे?

जुन्या लेबलवर ० ते १०० असा गुण असे आणि जास्त गुण म्हणजे चांगले घर. नव्या पद्धतीत आकडा वर्षाला किती गिगाज्यूल ऊर्जा लागेल हे सांगतो, म्हणजे कमी तेवढे चांगले आणि शून्य म्हणजे नेट झिरो. दोन्ही लेबले अजून घरांवर दिसतात. ८२ हा आकडा एका लेबलवर उत्तम घराचा आणि दुसऱ्यावर मध्यम घराचा असू शकतो. आधी एकक बघा.

एक गिगाज्यूल म्हणजे विजेची सुमारे २७८ युनिटे. लेबलवर तुमच्या घराच्या आकड्याशेजारी तेवढ्याच आकाराचे नियमांप्रमाणे बांधलेले नवे घर किती ऊर्जा घेईल तेही दिलेले असते. तुलना तिथे करायची. तुमचे घर ८५ आणि तुलनेचे घर ११० असेल तर तुम्ही २५ गिगाज्यूल वाचवता, म्हणजे सुमारे २३ टक्के. ही टक्केवारी विमा कंपनीच्या अर्जातल्या अटीशी ताडून बघा. शेजाऱ्याच्या घराचा आकडा तुमच्यापेक्षा कमी आहे यावरून काही ठरत नाही. त्याचे घर लहान असेल तर तो कमी असणारच.

लेबलवर फाइल क्रमांक असतो. नव्या घराच्या मूल्यांकनात पी अक्षराची फाइल नकाशावरून केलेली असते आणि एन अक्षराची घर पूर्ण झाल्यावर, हवागळतीची चाचणी घेऊन केलेली. नकाशावरच्या अंदाजाने परतावा मिळत नाही. घर प्रत्यक्ष कसे उभे राहिले ते दाखवणारा अहवाल हवा. जुन्या घरांत दुरुस्तीआधीची फाइल डी आणि नंतरची ई.

कॉन्डोला हे लागू होते का?

होते, पण तुमच्या एकट्या फ्लॅटचे एनरगाइड लेबल काढता येत नाही. ती पद्धत कमी उंचीच्या घरांसाठी आहे. उंच इमारतीत सर्टिफिकेट सबंध इमारतीचे असते, बहुतेकदा लीड. बिल्डरकडून किंवा कॉन्डो कॉर्पोरेशनच्या व्यवस्थापकाकडून त्याची प्रत घ्या. प्रतीवर इमारतीचा पत्ता नीट हवा. एकाच प्रकल्पात दोन टॉवर असतात आणि सर्टिफिकेट एकालाच मिळालेले असते, असे घडते. खरेदीच्या करारातला पत्ता आणि सर्टिफिकेटवरचा पत्ता वेगळे असतील तर महापालिकेने पत्ता बदलल्याचे पत्र सोबत जोडा.

जुने घर घेतले आणि ते सुधारले, तर?

त्यासाठी सीएमएचसीची इको इम्प्रूव्हमेंट ही वेगळी वाट आहे. विमा उतरवलेल्या कर्जाने जुने घर घेऊन ऊर्जा वाचवणाऱ्या कामांवर किमान २०,००० डॉलर खर्च केले तर प्रीमियमच्या २५ टक्के परत मिळतात. हिशोब इथेही प्रीमियमचा असतो, दुरुस्तीच्या खर्चाचा नाही. वरच्या उदाहरणात ५,६५० डॉलरसाठी कोणी २०,००० खर्च करू नये; जी कामे घराला तशीही हवी आहेत ती केली तर परतावा वर मिळतो, असा विचार असावा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नॅचरल रिसोर्सेस कॅनडाकडे नोंदणी असलेल्या एनर्जी अ‍ॅडव्हायझरला बोलवा आणि दुरुस्तीआधीचे मूल्यांकन करून घ्या. मग काम. मग पुन्हा मूल्यांकन. आधीचे मोजमाप न करता अटिकमध्ये इन्सुलेशन टाकले तर किती फरक पडला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

बिलांवर तुमचे नाव, कामाच्या घराचा पत्ता, तारीख आणि वस्तूंचे तपशील हवेत. "इन्सुलेशनचे काम, एकूण ८,००० डॉलर" असे बिल परत येऊ शकते. किती चौरस फुटांवर कोणते इन्सुलेशन, कोणत्या आर मूल्यापर्यंत (उष्णता अडवण्याचे माप), असे लिहून घ्या. हीट पंपच्या बिलावर बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही युनिटांचे मॉडेल क्रमांक आणि एएचआरआय क्रमांक, म्हणजे जोडीचा प्रमाणन क्रमांक, हवा, कारण कार्यक्षमता त्या जोडीची प्रमाणित असते, एकट्या यंत्राची नव्हे. नव्या खिडक्यांवरचे स्टिकर काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या. खिडक्या बसल्यावर ती स्टिकर कचऱ्यात जातात आणि नंतर मॉडेल सिद्ध करणे जड जाते.

कोणत्या कामाने सर्वांत जास्त फरक पडतो?

बहुतेक लोक खिडक्यांपासून सुरुवात करतात, कारण खिडकीतून थंडी जाणवते. प्रत्यक्षात ज्या भेगा दिसत नाहीत त्यांतून जास्त हवा जाते. बेसमेंटच्या भिंतीवर जिथे लाकडी सांगाडा टेकतो ती कड, ज्याला इथे हेडर म्हणतात, ही पहिली जागा. मग अटिकची झडप, छतात बसवलेले पॉट लाइट, बाहेरच्या भिंतींवरची विजेची सॉकेटे, प्लंबिंगचे पाइप वर जातात ती भोके, फायरप्लेसचे डँपर, आणि गॅरेज व घर यांच्यामधली भिंत. वाऱ्याच्या दिवशी पेटवलेली उदबत्ती या जागांजवळून फिरवा. धूर सरळ वर न जाता एका बाजूला ओढला गेला तर तिथे गळती आहे. ही जुनी युक्ती आहे आणि कामाची आहे.

अटिकमध्ये आधी भेगा बुजवायच्या, इन्सुलेशन नंतर. उलट केले तर उबदार दमट हवा इन्सुलेशनमधून वर जाते, छताच्या आतून बर्फ धरते आणि वसंतात तो वितळला की सीलिंगवर डाग पडतात. ओंटारियोत नव्या घरांच्या अटिकमध्ये आर-६० ची अपेक्षा असते; फुंकून टाकलेल्या सेल्युलोजचा थर त्यासाठी सुमारे १६ ते १७ इंच लागतो. छताच्या कडेला हवा खेळण्यासाठी बॅफल बसवा, नाहीतर इन्सुलेशन ती वाट बुजवते. बाथरूमचा पंखा अटिकमध्ये सोडलेला असेल तर तो आधी घराबाहेर काढा.

१९९० पूर्वीचे घर असेल आणि अटिकमध्ये राखाडी-सोनेरी, खड्यांसारखे हलके इन्सुलेशन दिसले, तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकते आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा धोका असतो. अ‍ॅडव्हायझरला भेटीआधीच सांगा. अशा घरात हवागळतीची चाचणी घ्यायची की नाही हे तो ठरवेल.

हवागळतीच्या ब्लोअर डोअर चाचणीत काय होते आणि तयारी काय करायची?

मुख्य दारात कापडी चौकट बसवून मोठा पंखा लावतात. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि घरात ५० पास्कलने दाब कमी होतो. मग किती हवा भेगांतून आत येते ते मोजतात. सगळ्या खिडक्या बंद आणि कड्या लावलेल्या हव्यात, आतली दारे उघडी. लाकडाची शेगडी किंवा फायरप्लेस असेल तर आदल्या दिवसापासून विझवून राख काढून ठेवा, नाहीतर ती राख दिवाणखान्यात येते. अटिकची झडप आणि बेसमेंटमधल्या सर्व खोल्यांपर्यंत वाट मोकळी ठेवा. देव्हाऱ्यातला दिवा चाचणीपुरता शांत करा. घर मोठे नसेल तर हे सारे काही तासांत उरकते आणि खर्च काहीशे डॉलरचा येतो.

इतक्या हवाबंद घरात आपला स्वयंपाक? फोडणीचा वास, धूर कुठे जाणार?

हा प्रश्न चांगला आहे आणि इथल्या बिल्डरांना तो कमी विचारला जातो. अशा घरात एचआरव्ही नावाचे यंत्र असते. ते आतली शिळी हवा बाहेर टाकते, बाहेरची ताजी आत घेते, आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देते. त्याचे फिल्टर साधारण तीन महिन्यांनी स्वच्छ करा. शेगडीवरचा हूड पाइपने बाहेर जाणारा हवा. कोळशाच्या जाळीतून हवा फिरवून परत स्वयंपाकघरात सोडणारा हूड मोहरी-मिरचीपुढे टिकत नाही.

पण फार शक्तीचा हूडही हवाबंद घरात धोकादायक ठरतो. तो इतकी हवा ओढतो की गॅसच्या पाणी तापवण्याच्या टाकीचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसह, चिमणीतून परत घरात येऊ शकतो. मोठा हूड बसवायचा असेल तर भरपाईच्या हवेची सोय करून घ्या, किंवा बंद ज्वलनकक्षाचे उपकरण वापरा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ असलाच पाहिजे.

अर्जासोबत काय काय जोडायचे?

विमा कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा. सोबत सर्टिफिकेट किंवा एनरगाइड लेबलची स्पष्ट प्रत, क्लोजिंगची तारीख दाखवणारा वकिलाचा कागद आणि विम्याचा क्रमांक. दुरुस्तीच्या वाटेने जात असाल तर बिले आणि दोन्ही मूल्यांकनांचे अहवाल. कर्जावर पती-पत्नी दोघांची नावे असतील तर दोघांच्या सह्या. नावे मॉर्गेजवर जशी आहेत तशीच लिहा. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले म्हणून आलेले, मॉर्गेजवर ते गाळलेले आणि सर्टिफिकेटवर आडनावच पहिले, असा प्रकार आपल्याकडे नेहमी होतो. तसे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे एका ओळीत लिहून द्या. पाठवलेल्या सर्व कागदांची प्रत आणि पोच जपून ठेवा.

अर्ज कशामुळे नाकारला जातो?

मुदत उलटणे, नकाशावरचे मूल्यांकन जोडणे, उपकरणांचे स्टिकर घराचे म्हणून पाठवणे, पत्ता न जुळणे, आणि चुकीच्या विमा कंपनीकडे अर्ज करणे. शेवटचे सोडून बाकीच्यांत कारण लेखी मागा. कागद अपुरा म्हणून नाकारला असेल आणि मुदत शिल्लक असेल तर योग्य कागद लावून पुन्हा अर्ज करा.

पैसे कोणाला मिळतात? हप्ता कमी होतो का?

पैसे कर्जदाराला मिळतात, बँकेला नाही, त्यामुळे हप्ता आपोआप कमी होत नाही. मूळ प्रीमियम मात्र कर्जात मिळवलेला असल्याने त्यावर वर्षानुवर्षे व्याज चालते. वरच्या उदाहरणात दर सबंध २५ वर्षे ४.५ टक्के राहिला असे धरले, तर २२,६०० डॉलरच्या प्रीमियमपोटी शेवटपर्यंत सुमारे ३७,५०० डॉलर जातात. आलेले ५,६५० डॉलर सुरुवातीलाच मुद्दलात भरले तर त्याच दराने कर्जाचे शेवटचे सुमारे पाच हप्ते टळतात, आणि एक हप्ता ३,२५० डॉलरच्या आसपास आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी. नसेल तर मुद्दलात भरणे उत्तम. तुमच्या करारात वर्षाला दंडाशिवाय किती मुद्दल भरता येते ते बघून भरा.

ओंटारियो, क्वेबेक आणि सस्कॅचेवानमध्ये प्रीमियमवर प्रांताचा कर लागतो. तो कर्जात मिळवता येत नाही, क्लोजिंगला रोख लागतो. ओंटारियोच्या ८ टक्क्यांनी वरच्या उदाहरणात ते १,८०८ डॉलर होतात. परताव्याचा हिशोब प्रीमियमवर होतो, म्हणून ५,६५० मध्ये हा कर मोजलेला नाही.

तुम्ही राहता त्या घराच्या प्रीमियमचा परतावा ही मिळकत नाही, तुमच्याच खर्चातला भाग परत आलेला असतो. बेसमेंट भाड्याने देऊन प्रीमियमचा काही भाग भाड्याच्या खर्चात दाखवला असेल तर परतावा आल्याचे अकाउंटंटला सांगा.

एचएसटीची नव्या घराची सूट आणि हा परतावा एकच का?

नाही. ती कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीची, घरावरच्या विक्रीकरासंबंधीची. बिल्डर बहुधा ती किमतीतच वळती करून घेतो. कॅनडा ग्रीनर होम्सचे ५,००० डॉलरपर्यंतचे अनुदान आणि ४०,००० पर्यंतचे बिनव्याजी कर्ज हाही वेगळा कार्यक्रम होता. दोन्ही नव्या अर्जांसाठी बंद झाले आहेत. पण त्यांच्यासाठी केलेली मूल्यांकने आणि बिले हातात असतील तर ती फेकू नका, इको इम्प्रूव्हमेंटच्या अर्जात तेच कागद कामी येतात.

२० टक्के डाउन पेमेंट दिले. परतावा मिळेल?

तुम्ही प्रीमियम भरला नसेल तर परत द्यायला काही नाही. काही लेंडर अशा कर्जांचाही स्वतःच्या खर्चाने एकगठ्ठा विमा उतरवतात, पण तो प्रीमियम तुमचा नव्हे.

दोन वर्षांच्या आत लेंडर बदलला तर?

विमा कर्जाबरोबर पुढे जातो, आणि परताव्याची मुदत मूळ क्लोजिंगपासूनच मोजली जाते. लेंडर बदलण्याआधी पहिल्या बँकेकडून विम्याचा क्रमांक आणि कमिटमेंट पत्राची प्रत काढून ठेवा. खाते बंद झाल्यावर ऑनलाइन कागद दिसेनासे होतात.